धुळाक्षरांपासून क्यूआर कोडपर्यंत : मुलांच्या पाट्यांची तुलना

१/ ३ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले. त्यांच्या ज्या उपक्रमाची सर्वाधिक चर्चा झाली, तो म्हणजे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड. मुलांसाठी खास टॅब्लेट घडवण्याचे मोठे प्रयत्न आधी झाले असताना छापील चौकोन पुढे का गेला? त्यासाठी पाटीचा इतिहास पाहावा लागेल.

२/ लेखनाच्या पहिल्या धड्याला मराठीत ‘धुळाक्षरे’ म्हणतात. हा शब्द अलंकारिक नाही. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरत आणि मूल त्यावर अक्षर गिरवी. चुकले, की धूळ सारखी करायची. पाटी पुन्हा कोरी.

३/ गणितीही धुळीवरच आकडेमोड करीत. म्हणून अंकगणिताला ‘पाटीगणित’ व ‘धूलिकर्म’ ही नावे मिळाली. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ.स. ११५०) याच परंपरेतली.

४/ पुढे ही धूळ समुद्रापार गेली. १७८९ पासून मद्रासच्या अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि ती रीत उचलली. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले व ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडमधील शाळांत पसरली.

५/ एकोणिसाव्या शतकात नव्या शाळांबरोबर इकडे दगडी पाटी रुळली. ती पडली तर फुटे, लिहिलेले जपून ठेवत नसे. पण कागद वाचवी आणि गरिबाच्या मुलाला परवडे. दसऱ्याच्या पाटीपूजनात तिला मानाचे स्थान मिळाले.

६/ १९७२ मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली : मुलांसाठी, हातात मावणारा संगणक. मुलाने त्यावर नुसते पाहू नये, स्वतः काही घडवावे, हा त्यामागचा आग्रह होता.

७/ तोच आग्रह ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेच्या ‘एक्सओ’ यंत्रात उतरला. उन्हात वाचता येणारा पडदा उलटा फिरवून मिटला, की यंत्र पाटीसारखे होई. २००६ मध्ये केंद्र सरकारने योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या गावाच्या छोट्या शाळेत तिचा प्रयोग झाला. शंभर डॉलरचे उद्दिष्ट मात्र गाठता आले नाही. किंमत त्याच्या दुपटीकडे झुकली.

८/ ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ आला. तो मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता. किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. पण पडदा जोराने दाबावा लागे आणि बॅटरी लवकर संपे. स्वस्ताईची किंमत विद्यार्थ्याच्या बोटांनी मोजली.

९/ क्यूआर कोडने हा पेचच टाळला. १९९४ मध्ये जपानी मोटार उद्योगातील सुटे भाग ओळखण्यासाठी तो जन्मला. पुस्तकात छापला, की नवे यंत्र घडवायला नको. हाताशी असलेल्या कोणत्याही स्मार्टफोनवर कविता ऐकता येते, धडा पाहता येतो. पुस्तक मुलाजवळच राहते. २०१७ मध्ये महाराष्ट्राने ही पद्धत राज्यभर नेण्याचे ठरवले.

१०/ तरीही तुलना इथे संपत नाही. फोन व नेटवर्क नसलेल्या घरात तो चौकोन मुकाच राहतो. २०२० च्या टाळेबंदीत हे देशभर दिसले. शिवाय कोडमधून मूल पाहते, ऐकते, लिहीत नाही. धूळपाटीवर मात्र पहिल्या क्षणापासून मूलच लिहीत होते.

११/ म्हणून मुलांच्या टॅब्लेटची तुलना करताना किंमत व पडदा यांच्या आधी तीन प्रश्न विचारावेत : मूल त्यावर स्वतः काय करते? चुकले तर निर्धास्तपणे पुसू शकते का? आणि यंत्र बिघडले, तर शिकणे चालू राहते का? परितेवाडीच्या छापील पुस्तकाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. पहिल्या दोहोंचे उत्तर धुळाक्षरांनी कधीच देऊन ठेवले होते.