इक्रिसॅटची परीक्षा : सहा गावे आणि एक संस्था

हैदराबादहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात पटानचेरू लागते. तिथे १९७२ साली एक आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपण सगळे तिला ‘इक्रिसॅट’ म्हणतो. पाऊस जिथे थोडा आणि लहरी, तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याची पिके तिने हाती घेतली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही ती पाच पिके. म्हणजे, वाचकहो, आपल्याच ताटातला माल.

अशा संस्थेचा खर्च अनेक देश आणि प्रतिष्ठाने मिळून करतात. पैसा देणारा हिशेब मागणारच. म्हणून साधारण पाच वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांचे एक मंडळ येई, प्रयोगशाळा पाही, प्रक्षेत्रावर हिंडे आणि अहवाल लिहून जाई. या पद्धतीला मी कमी लेखत नाही. पण शाळातपासणीचा दिवस शिक्षक मित्रांना ठाऊकच आहे. त्या दिवशी फळा स्वच्छ असतो. संस्थेच्या शिवारात बी वेळेवर, खत वेळेवर, बैल धष्टपुष्ट आणि मजूर हाकेसरशी हजर. अशा शेतात उगवलेले पीक संस्थेची हुशारी सांगते. ते दुसऱ्याच्या बांधात रुजेल का, हे सांगत नाही.

इक्रिसॅटची खरी परीक्षा दुसऱ्याच मार्गाने झाली, आणि ती तिने आपण होऊन ओढवून घेतली हे तिच्या श्रेयाला धरले पाहिजे. संस्थेत थोडे अर्थशास्त्रज्ञही होते. जेम्स रायन, हान्स बिन्सवँगर आणि आपल्याकडचे एन. एस. जोधा ही त्यांतली ठळक नावे. त्यांनी १९७५ साली सहा गावे निवडली. त्या वेळच्या आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. सहांतली चार गावे आपली, मराठी बोलणारी! प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली: दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. प्रत्येक गावात एक शिकलेला, गावाकडचाच, तिथली भाषा बोलणारा तपासनीस राहायला ठेवला. तीन-चार आठवड्यांनी तो घरोघर जाई. काय पेरले, किती मजूर लावले, काय विकले, कुणाकडून उसने आणले, हे सगळे टिपून घेई. काही गावांत हे काम दहा वर्षे चालले.

या वह्यांनी संस्थेला काय सांगितले?

पहिली गोष्ट ताटाची. त्या काळी जगभर असे मानले जाई, की गरिबाच्या अन्नात प्रथिने कमी पडतात. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो; तेव्हा तो वाढवलेले वाण काढा, असा विचार जोरात होता. अर्थशास्त्रज्ञांनी या सहा गावांतले खाणे प्रत्यक्ष मोजले. आढळले असे, की भाकरीबरोबर डाळ असली तर प्रथिनांचे बरेचसे भागते. कमी पडते ते एकूण अन्नच, आणि जीवनसत्त्वे व कॅल्शियम. पोट पुरते भरत नाही, ही मूळ अडचण. मग आधी उत्पन्न वाढवा, असा कौल निघाला आणि प्रथिनांच्या संशोधनावरचा भर कमी झाला. एखाद्या बाईने भाकऱ्या थापता थापता हेच सांगितले असते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण तिला विचारायला कुणीतरी जावे लागते ना!

दुसरी गोष्ट हिमतीची. गरीब शेतकरी भित्रा, म्हणून तो नवे काही करीत नाही, असे पुष्कळ विद्वान बोलत असत. बिन्सवँगर यांनी गावकऱ्यांसमोर एक डाव मांडला, आणि तोही खऱ्या पैशांचा. नाणे उडवायचे. सुरक्षित डाव घेतला तर छापा पडो वा काटा, पन्नास रुपये हमखास. सगळ्यांत धाडसी डाव घेतला तर एका बाजूला दोनशे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधले डावही होते. त्या वेळच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम चांगलीच मोठी. बहुतेकांनी मधलेच डाव घेतले, आणि श्रीमंत व गरीब यांच्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे गरिबाच्या स्वभावात खोट नव्हती. त्याचे हात बांधले होते ते भांडवल आणि पत यांनी.

तिसरी गोष्ट संस्थेला जास्त झोंबणारी. सोलापूरकडच्या भारी काळ्या रानात खरिपात जमीन पडीक ठेवतात, वखरून तयार करतात आणि परतीच्या पावसावर रब्बी ज्वारी घेतात. शास्त्रज्ञांना हा अपव्यय वाटला. त्यांनी पटानचेरूला रुंद वरंबे आणि सऱ्या पाडल्या, पावसाआधी धूळपेरणी केली, बैलांनी ओढायचे चाकांचे सुधारलेले औत वापरले, आणि वर्षात दोन पिके काढून दाखवली. तिथे ते साधले. पण शिरापूरच्या शेतकऱ्याचा मृगावर भरवसा नव्हता. धूळपेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बी मातीत गेले. शिवाय ते औत इतके महाग, की एका बैलजोडीच्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हे. अशा अवजारांचा जगभरचा आढावा पॉल स्टार्की यांनी १९८८ साली पुस्तकरूपाने घेतला. त्याच्या नावातच निवाडा आहे: परिपूर्ण झाले, तरी नाकारले गेले.

मात्र सगळेच वाया गेले असे समजू नका. शेतकऱ्याने त्यातले आपल्या सोयीचे तेवढे उचलले. रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरण्याची रीत आज महाराष्ट्रात ट्रॅक्टरच्या यंत्राने चालते. औत मागे पडले, वरंबा राहिला. ज्वारीचेही तसेच. नुसते दाण्याचे उत्पन्न पाहून चालत नाही, कडबा हवा, हे शेतकऱ्याने ठेंगणे वाण नाकारून सांगितले. पुढे चाऱ्याची प्रत हाही पैदासकारांच्या अभ्यासाचा विषय झाला. मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी मात्र अजून रब्बीत आपली जागा धरून आहे.

आता सुधारणेविषयी थोडे. रायन हे १९९१ साली याच संस्थेचे महासंचालक झाले. गावच्या वह्या वाचणारा माणूस प्रमुख झाला, पण काळ वाईट आला. देणगीदार देशांनी हात आखडता घेतला आणि काटकसर सुरू झाली. नंतरच्या वर्षांत अशा सर्वच केंद्रांच्या मध्यवर्ती कारभाराची अनेकदा फेररचना झाली. समित्या बदलल्या, निधीच्या वाटा बदलल्या. माझ्या मते यातली बरीचशी धडपड कार्यालयाच्या भिंती हलवण्याची होती. गावांतली ती नियमित नोंद मात्र १९८५ नंतर थांबली होती. ज्या वहीने संस्थेला वेळोवेळी भानावर आणले, तीच बंद ठेवण्यात कोणती बचत झाली असेल?

ती पुन्हा सुरू झाली २००१ साली, त्याच सहा गावांत. आणि २००९ पासून ती आणखी गावांत पसरली. नव्या तपासनिसांना जुनी घरे विभागलेली दिसली. पहिल्या वह्यांत ज्यांची मुले म्हणून नोंद होती, ती आता कर्ती झाली होती. घरखर्चाचा मोठा वाटा शेतीबाहेरून येऊ लागला होता: कुणी बांधकामावर, कुणी नोकरीत, कुणाचे दुकान. पाच पिकांसाठी काढलेल्या संस्थेपुढे आता त्या घरांच्या वह्या आहेत, ज्यांच्या जमाखर्चात पिकांखेरीज इतर रकाने अधिक भरू लागले आहेत.