चांद्याचा कोळसा आणि विजेच्या भाराचा कारभार

वरोड्याची कोळशाची खाण सरकारने १८७१ पासून चालविली, तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडीची शाखा आणली, आणि १९०६ मध्ये ती खाण बंदही केली. परंतु तेवढ्या अवधीत चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या ललाटी जो प्रश्न लिहिला गेला, तो पुढे शतकभर पुसला गेला नाही. माल येथे आणि गिऱ्हाईक शेकडो मैल दूर, असा तो प्रश्न होता. कोळसा निदान वाघिणीत भरून रवाना करता येई, आणि गिऱ्हाइकाची निकड नसल्यास यार्डात पडूनही राही. पुढे त्याच कोळशाची खाणीच्या तोंडाशी वीज करून ती पाठवावी असे ठरले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप अधिकच बिकट झाले.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. चांद्यातून निराळा काढलेला गडचिरोली जिल्हा तेव्हा अवघा एक वर्षाचा होता. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचे तीन अशा सात संचांनी १९९७ पर्यंत या केंद्राची क्षमता २३४० मेगावॅटवर नेली. ऊर्जानगरच्या धुरांड्यांचे, इरई धरणाच्या पाण्याचे आणि जिल्ह्याच्या हवेत मिसळलेल्या राखेचे वर्णन आजवर पुष्कळ झाले असून ते यथायोग्यही आहे. तथापि माझ्या मते, या जिल्ह्याने विजेच्या इतिहासात घातलेली खरी भर निर्मितीची नसून भार तोलण्याच्या विद्येची आहे. आणि तिच्याकडे, ती धूर सोडीत नसल्यामुळेच की काय, कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

संकेतस्थळावर अभ्यागतांची गर्दी वाढली म्हणजे ‘लोड बॅलन्सर’ या नावाची यंत्रणा प्रत्येक मागणी मोकळ्या सर्व्हरकडे वळविते, आणि निरुपाय झाल्यास तिला क्षणभर तिष्ठत ठेवते. विजेच्या व्यवहारात तिष्ठत ठेवण्याची ही सोय नाही. ज्या क्षणी मुंबईत दिवा लागतो त्याच क्षणी कोठे तरी तेवढी निर्मिती वाढावी लागते. ती न वाढली तर सर्व जनित्रांची गती मंदावते, ५० हर्ट्झची वारंवारता खाली येते, आणि ती फारच घसरली तर यंत्रे आत्मरक्षणार्थ एकामागून एक ‘ट्रिप’ होतात. कोळशाचा संच थंड अवस्थेतून भार घेण्यास कित्येक तास लावतो, तर कोयनेची जलचक्रे काही मिनिटांत सज्ज होतात. म्हणून चंद्रपूरने अष्टौप्रहर पायाचा भार वाहावा आणि कोयनेने सायंकाळची चढती मागणी उचलावी, अशी वाटणी पडली. तिचा अंमल कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र करते. हुकूम कळव्याहून सुटतो आणि विदर्भाच्या बाजूची व्यवस्था नागपूरचे अंबाझरी केंद्र पाहते. या सर्व उपायांनीही तोल साधेनासा झाला म्हणजे उरतो तो भारनियमनाचा उपाय, ज्याची ओळख महाराष्ट्रातील कोणत्याही गृहस्थास करून देण्याचे कारण नाही.

मागणी वाढत गेली तसा नुसत्या तारा वाढवून निर्वाह होईना. प्रत्यावर्ती प्रवाह आपल्या स्वभावानुसार, जेथे अवरोध कमी तेथून वाहतो. त्याला अमुक वाहिनीने जा असे थेट फर्माविता येत नाही. एकदिश प्रवाहाचे तसे नाही, कारण त्याच्या दोन्ही टोकांस थायरिस्टरची नियंत्रित परिवर्तके असतात आणि जितक्या मेगावॅटचा हुकूम द्यावा तितकेच ती पुढे सोडतात. १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटरची, ±५०० किलोव्होल्टची आणि १५०० मेगावॅट वाहण्याची एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली, तेव्हा वरोड्याच्या काळापासून चालत आलेल्या त्या प्रश्नाला प्रथमच असे उत्तर मिळाले की ज्यात माल किती रवाना करावयाचा हे पाठविणाराच ठरवू शकत होता. तिच्या दोन ध्रुवांपैकी एक बिघडला तरी दुसरा निम्मा भार वाहू शकतो, हीदेखील तिची एक खुबी.

परंतु याहूनही विलक्षण वस्तू याच जिल्ह्यात भद्रावतीस आहे. पश्चिम आणि दक्षिण या दोन विभागांच्या वीजजाळ्यांची वारंवारता त्या काळी भिन्न असे, आणि त्यांस तारेने सरळ जोडणे म्हणजे एकाचे दुखणे दुसऱ्याच्या अंगी आणणे होते. म्हणून १९९७-९८ च्या सुमारास येथे १००० मेगावॅटचे ‘बॅक टू बॅक’ केंद्र उभे राहिले: एका बाजूने येणारी प्रत्यावर्ती वीज तेथे एकदिश होते आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती होऊन दक्षिण विभागातील रामगुंडमच्या दिशेने निघते. जुन्या सरहद्दीवरील जकातनाक्याप्रमाणे माल पलीकडे जातो, मात्र पलीकडची भांडणे अलीकडे येत नाहीत. या बंदोबस्ताचे मोल २०१२ मध्ये प्रत्ययास आले. त्या वर्षी ३० जुलैस उत्तरेचे, आणि ३१ जुलैस उत्तर, पूर्व व ईशान्य अशा तिन्ही विभागांचे जाळे कोसळले. दक्षिण विभाग मात्र टिकून राहिला, कारण उर्वरित देशाशी त्याचे नाते अशाच एकदिश दुव्यांचे होते.

केवळ यंत्रांनीच तोल साधला असेही नव्हे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वारंवारतेशी निगडित दर लागू झाला, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ खंड पाडून प्रत्येकाचा जमाखर्च मांडला जाऊ लागला, आणि टंचाईच्या वेळी ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढणाऱ्यास ती महाग पडू लागली; जी शिस्त विनवण्यांनी लागली नव्हती ती हिशेबाने बरीचशी लागली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग देशाच्या जाळ्याशी समकालिक झाला, म्हणजे दोहोंची वारंवारता एक झाली. २०१६ मध्ये चंद्रपूरचे आठवा व नववा हे संच चालू झाले, पहिले दोन पुढे निवृत्त झाले, आणि क्षमता २९२० मेगावॅटवर स्थिरावली.

या सर्व वृत्तान्तात गडचिरोलीचा उल्लेख जवळजवळ येत नाही, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेलच. भार तोलण्यास एकाहून अधिक वाटा लागतात. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूच्या अरण्यातून जाणाऱ्या लांबलचक वाहिनीवर पावसाळ्यात एखादा वृक्ष कोसळला की पुढील गावे अंधारात जातात, आणि दुसऱ्या बाजूने वीज आणणारी वाहिनी त्यांना बहुधा नसते. तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात आणखी एक संच उभारण्याच्या घोषणेपेक्षा या तालुक्यांना दुसऱ्या वाहिनीची गरज अधिक आहे, आणि लोकप्रतिनिधींनी मागणी करावयाची तर तिचीच करावी.