अमेरिकेत आपटलेली ‘द परस्युएडर्स!’ जर्मनीत एवढी हिट कशी झाली?

फ्रान्समधल्या एका आलिशान हॉटेलात दोन श्रीमंत माणसांची जुंपते. कारण काय, तर एका कॉकटेलमध्ये ऑलिव्ह एक टाकायचं की दोन. प्रकरण थेट हाणामारीवर जातं, हॉटेलची मोडतोड होते. मग फुल्टन नावाचे एक निवृत्त न्यायाधीश दोघांपुढे पर्याय ठेवतात, ९० दिवस तुरुंगात बसा, नाहीतर कायद्याच्या तावडीतून निसटलेल्या गुन्हेगारांना पकडायला मला मदत करा.

१९७१ मध्ये आलेल्या ‘द परस्युएडर्स!’ या ब्रिटिश मालिकेची सुरुवात ही अशी. एक जण लॉर्ड ब्रेट सिंक्लेअर, म्हणजे हॅरो आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला खानदानी इंग्रज. दुसरा डॅनी वाइल्ड, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरिबीतून वर येऊन करोडपती झालेला अमेरिकन. एकाकडे पिवळी अ‍ॅस्टन मार्टिन, दुसऱ्याकडे लाल फेरारी डिनो. दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि एकमेकांशिवाय भागतही नाही.

लॉर्ड झाला होता रॉजर मूर आणि डॅनी झाला होता टोनी कर्टिस. गंमत म्हणजे कर्टिस खरोखरच ब्राँक्समध्ये वाढलेला, शिंप्याचा मुलगा. मूर मात्र लॉर्ड-बिर्ड कुणी नव्हता, त्याचे वडील लंडनमध्ये साधे पोलिस होते. तरी पडद्यावर खानदानी थाट असा की बघत राहावं. लॉर्ड सिंक्लेअरचे कपडे रॉजर मूरने डिझाइन केलेत, असं श्रेयनामावलीत चक्क लिहिलेलं आहे! कर्टिस स्क्रिप्ट सोडून मनाचे डायलॉग टाकायचा आणि मूर चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते झेलायचा. बऱ्याच भागांची गोष्ट तशी बेतास बात आहे. मालिका बघायची ती या दोघांसाठी.

आणि टायटलसाठी. लाल आणि निळ्या अशा दोन फायली उघडतात आणि दोघांचं लहानपणापासूनचं आयुष्य शेजारी शेजारी सरकत जातं. संगीत बाँडपटांच्या जॉन बॅरीचं. त्यात वाजणारं सिंबालोम हे वाद्य आपल्या संतूरच्याच जातकुळीतलं.

मग माशी शिंकली कुठे?

लू ग्रेड यांच्या आयटीसी कंपनीने ही मालिका अमेरिकेचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून बनवली होती. कर्टिससारखा हॉलिवूडचा स्टार घेण्यामागचं कारणही तेच. ब्रिटनमध्ये लोकांनी ती पाहिली. पण अमेरिकेत एबीसी चॅनलने तिला शनिवारी रात्रीची वेळ दिली आणि त्याच वेळी सीबीएसवर ‘मिशन: इम्पॉसिबल’ लागायची. तिथे काही डाळ शिजली नाही. तयार झालेले सगळे २४ भाग दाखवायच्या आधीच एबीसीने मालिका काढून टाकली. एवढी महागडी मालिका अमेरिकेच्या पैशाशिवाय परवडणारी नव्हती. दुसरा सीझन आलाच नाही.

जर्मनीत मात्र उलटंच घडलं. १९७२ मध्ये झेडडीएफ चॅनलवर ती ‘दी त्स्वाय’, म्हणजे ‘ते दोघे’, या नावाने सुरू झाली आणि धो धो चालली. याचं मोठं श्रेय जातं रायनर ब्रांट या डबिंग लेखकाला. कर्टिसला आवाजही त्यानेच दिला होता.

ब्रांटने मूळ संवादांचं भाषांतर केलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. त्याने ते जवळपास नव्याने लिहिले. कोट्या, टोमणे, रस्त्यावरची भाषा, नसलेले शब्द जोडून तयार केलेले शब्द, असा सगळा मसाला त्यात घातला. या फटकळ शैलीला जर्मनीत ‘श्नोडरडॉइच’ म्हणतात. डबिंगमध्ये मोठी अडचण असते ओठांची, शब्द ओठांच्या हालचालीशी जुळावे लागतात. ब्रांटने त्यातून पळवाट काढली. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असली किंवा तोंड दिसत नसलं, की तो तिथे एखादा जास्तीचा डायलॉग टाकून द्यायचा. इंग्रजीत जिथे शांतता आहे तिथे जर्मनीत पंच. आपण एका मालिकेत काम करतोय हे ठाऊक असल्यासारखीही ही पात्रं अधूनमधून बोलतात.

मूळ लेखकांवर हा अन्याय म्हणायचा का? एका अर्थाने हो. सिंक्लेअर आणि डॅनी यांच्यातला फरक मूळ इंग्रजीत त्यांच्या बोलण्यातून कळतो. एक मोजून मापून बोलणारा, दुसरा सुटलेला. जर्मनीत लॉर्डसाहेबही टपोरी बोलू लागल्यावर ती दरी बरीच बुजते. पण त्याच्या बदल्यात एक वेगळीच, जास्त वेगवान कॉमेडी मिळाली आणि जर्मन प्रेक्षकांसाठी तीच मूळ मालिका ठरली.

फ्रान्समध्येही मालिका गाजली. तिथलं नाव ‘आमिकालमाँ व्होत्र’, म्हणजे पत्राच्या शेवटी आपण लिहितो तसं ‘आपला स्नेही’. तिथे कर्टिसचा आवाज होता मिशेल रू याचा.

इकडे मूरला मालिका बंद पडल्याचं फार दुःख करत बसावं लागलं नाही. १९७३ मध्ये ‘लिव्ह अँड लेट डाय’ आला आणि तो जेम्स बाँड झाला. ब्रांटने पुढे हीच भाषा बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल यांच्या मारधाड कॉमेडी सिनेमांच्या जर्मन डबिंगमध्येही वापरली.