मराठी चित्रपटांतील युद्धकला

मराठी चित्रपटांतील युद्धकला म्हणजे मराठी चित्रपटांत, तसेच मराठ्यांच्या इतिहासावर आधारित इतर भाषांतील चित्रपटांत तलवार, दांडपट्टा, भाला, लाठी या शस्त्रांचे आणि कुस्तीचे होणारे चित्रण. या परंपरेची जडणघडण प्रामुख्याने कोल्हापुरात झाली. मर्दानी खेळ ही पारंपरिक शस्त्रविद्या याच शहरातील तालमी व आखाड्यांत आजही शिकवली जाते. त्यामुळे पडद्यावरील लढाई आणि प्रत्यक्ष शस्त्रविद्या यांच्यातील संबंध हा या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे.

मर्दानी खेळ

मर्दानी खेळात ढाल-तलवार, दांडपट्टा, भाला, विटा, लाठी, बोथाटी आणि फरी-गदगा यांचा समावेश होतो. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे सरावासाठी वापरली जाणारी, चामड्याने मढवलेली काठी. विटा हा दोरी बांधलेला भाला असून तो फेकल्यावर दोरीने परत ओढून घेता येतो.

दांडपट्ट्याचे पाते लांब, लवचिक व दुधारी असते. त्याच्या लोखंडी खोबणीत हात कोपरापर्यंत झाकला जातो. त्यामुळे मनगट वळवता येत नाही व वाराची ताकद खांद्यातून आणि कोपरातून येते. पट्टा फिरवणाऱ्याभोवती मोकळी जागा असावी लागते. चित्रीकरणात दोन नटांना जवळून लढताना दाखवायचे असल्यास ही मोठी अडचण ठरते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

मूकपटांचा काळ

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. हरी नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजी मालुसरे यांची लढाई रात्रीची असल्याने त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. भारतीय चित्रपटातील अशा प्रकाशयोजनेचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात शेलारमामांची भूमिका केली होती.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये 'उदयकाल' काढला. त्यात शांताराम यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. ब्रिटिश काळातील परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. शिवकालीन लढाईच्या चित्रणाला त्या काळी राजकीय अर्थ होता, हे यातून स्पष्ट होते. या काळातील बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत.

बोलपट आणि जयप्रभा स्टुडिओ

बोलपटांच्या काळात ही परंपरा भालजी पेंढारकर यांनी पुढे नेली. 'नेताजी पालकर' (१९३९), 'बहिर्जी नाईक' (१९४३), 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) हे त्यांचे उल्लेखनीय ऐतिहासिक चित्रपट होत. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचा कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला. त्यांना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

कुंग फू चित्रपटांशी तुलना

हाँगकाँगच्या कुंग फू चित्रपटांत युद्धकलेचे जाणकार स्वतःच चित्रपटकर्ते बनले. 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) या चित्रपटाचे दिग्दर्शक लाउ कार-लिउंग हे हुंग गार या शैलीच्या परंपरेत वाढले होते. त्या चित्रपटाचा मोठा भाग नायकाच्या शिक्षणाला दिलेला आहे. 'ड्रंकन मास्टर' (१९७८) मधील जॅकी चॅन यांनी लहानपणी चिनी संगीतनाट्याच्या शाळेत कसरतींचे शिक्षण घेतले होते.

मराठी ऐतिहासिक चित्रपट मात्र कादंबरी, रंगभूमी आणि पोवाडा यांच्या प्रभावाखाली वाढला. त्यात संवाद, स्वामिनिष्ठा आणि बलिदान यांना अधिक स्थान मिळाले. शस्त्र कसे शिकले जाते, हा कथेचा विषय क्वचितच झाला. परिणामी शस्त्रविद्येचे बारकावे पडद्यापेक्षा तालमींतील गुरु-शिष्य परंपरेनेच अधिक टिकवून ठेवले.

कुस्ती

छत्रपती शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. सुजय डहाके दिग्दर्शित 'केसरी' (२०२०) हा मराठी चित्रपट महाराष्ट्र केसरी किताबाचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण पैलवानाची कथा सांगतो. शस्त्रयुद्धाच्या चित्रपटांत अभावानेच दिसणारा सराव कुस्तीपटांत केंद्रस्थानी असतो.

निवडक चित्रपट

या विषयाच्या अभ्यासासाठी पुढील चित्रपट उपयुक्त ठरतात:

• सिंहगड (१९३३) – प्रभातचा बोलपट. तानाजींच्या कथेचा ध्वनीसह आविष्कार.
• छत्रपती शिवाजी (१९५२) – भालजी पेंढारकरांच्या शैलीचा परिचय. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत मांडरे.
• फर्जंद (२०१८) – दिग्दर्शक दिग्पाल लांजेकर. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ मध्ये मोजक्या मावळ्यांसह पन्हाळा घेतल्याची कथा.
• तान्हाजी: द अनसंग वॉरियर (२०२०) – ओम राऊत दिग्दर्शित हिंदी चित्रपट. त्रिमितीय चित्रण व संगणकीय दृश्यांचा मोठा वापर.
• पावनखिंड (२०२२) – दिग्दर्शक लांजेकर. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जातानाची १६६० मधील झुंज. बाजीप्रभूंच्या भूमिकेत अजय पूरकर.
• सुभेदार (२०२३) – तानाजींच्या पराक्रमावरील लांजेकर यांचा चित्रपट.

सिंहगडाची एकच लढाई १९२३, १९३३, २०२० आणि २०२३ या वर्षांच्या चित्रपटांत आलेली आहे. त्यामुळे प्रकाश, ध्वनी व संगणकीय तंत्र यांमुळे युद्धदृश्यांत होत गेलेला बदल एकाच कथेच्या आधारे अभ्यासता येतो.

हे सुद्धा पहा

• मर्दानी खेळ
• दांडपट्टा
• भालजी पेंढारकर
• प्रभात फिल्म कंपनी
• खासबाग मैदान