होंडा सिव्हिक गाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्सचे हस्तचलित गिअरबॉक्समध्ये रूपांतर

स्वयंचलित-हस्तचलित गिअर रूपांतर म्हणजे कारखान्यातून स्वयंचलित गिअरबॉक्स बसवून आलेल्या मोटारगाडीतील ती यंत्रणा काढून तिच्या जागी क्लच आणि हाताने बदलावयाचे गिअर असलेली यंत्रणा बसविणे होय. लहान गाड्यांमध्ये या रूपांतराचे परिचित उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या होंडा सिव्हिकच्या पाचव्या व सहाव्या पिढीतील (१९९२ ते २००० या वर्षांची मॉडेल्स) गाड्या. वरवर पाहता हे काम एक पेटी काढून दुसरी बसविण्याचे वाटते. प्रत्यक्षात पेडल, द्रवदाबाच्या नळ्या, चाकांकडे जाणारे दांडे, विजेच्या तारा, संगणक आणि सुरक्षा-व्यवस्था या सर्वांत फेरबदल करावे लागतात.

पार्श्वभूमी

या दोन्ही पिढ्यांतील सिव्हिक पुढच्या चाकांवर चालणारी असून तिचे इंजिन आडवे बसविलेले आहे. एकाच सांगाड्यावर आणि एकाच कुळातील इंजिनावर पाच गिअरचा हस्तचलित व चार गिअरचा स्वयंचलित असे दोन्ही पर्याय कंपनीने दिले होते. सहाव्या पिढीच्या 'एचएक्स' प्रकारात सीव्हीटी, म्हणजे सलग गुणोत्तर बदलणारी यंत्रणाही उपलब्ध होती. दोन्ही पर्याय मूळ कंपनीचेच असल्याने बहुतेक सुटे भाग नव्याने घडवावे लागत नाहीत. ते त्याच पिढीच्या भंगारात निघालेल्या गाडीतून मिळतात. अशा गाडीला या क्षेत्रात 'दाता गाडी' म्हणता येईल. स्वयंचलित गिअरबॉक्स निकामी होणे, त्याच्या दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत अधिक वाटणे आणि स्वतः गिअर बदलण्याची आवड ही रूपांतरामागील नेहमीची कारणे होत.

दोन रचनांतील फरक

हस्तचलित गाडीत इंजिनच्या क्रँकशाफ्टला जड फ्लायव्हील जोडलेले असते. त्यावर क्लचची तबकडी व प्रेशर प्लेट बसते आणि घर्षणाच्या योगे इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. चालकाने पेडल दाबले की हा संबंध तुटतो. स्वयंचलित गाडीत फ्लायव्हीलच्या जागी पातळ पत्र्याची ड्राइव्ह प्लेट असते आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो. त्यात शक्तीचे वहन तेलाच्या प्रवाहातून होते. म्हणूनच गाडी गिअरमध्ये उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही.

अनेक कंपन्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ग्रहमालेप्रमाणे फिरणाऱ्या दंतचक्रांची रचना असते. होंडाने मात्र समांतर दांड्यांवरील दंतचक्रे आणि ती जोडण्या-सोडण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे क्लच अशी वेगळी रचना वापरली. समांतर दांड्यांमुळे ती हस्तचलित पेटीशी मिळतीजुळती भासते. तरीही आतील भाग बदलून एकीची दुसरी करता येत नाही. संपूर्ण पेटीच बदलावी लागते.

लागणारे भाग

रूपांतरासाठी सामान्यतः पुढील भाग लागतात:

१. हस्तचलित गिअरबॉक्स, फ्लायव्हील व त्याचे बोल्ट.
२. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग.
३. क्लच पेडल आणि अरुंद ब्रेक पेडल यांचा संच. (स्वयंचलित गाडीतील ब्रेक पेडल रुंद असते.)
४. क्लचचा मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, नळी व तेलाची डबी.
५. गिअरचा दांडा आणि तो गिअरबॉक्सला जोडणारे रॉड. (स्वयंचलित गाडीत येथे केबल असते.)
६. गिअरबॉक्सला अनुरूप ॲक्सल, माउंटिंग व त्यांचे ब्रॅकेट.
७. स्टार्टर मोटर, रिव्हर्स दिव्याचा स्विच आणि हस्तचलित गाडीचा संगणक.

हस्तचलित सिव्हिकच्याही निरनिराळ्या प्रकारांत गिअरची गुणोत्तरे सारखी नाहीत. इंधनबचतीसाठी काढलेल्या प्रकारांतील गुणोत्तरे कमी फेऱ्यांत अधिक वेग देणारी असतात. ती जोमदार इंजिनाच्या गाडीत बसविल्यास गाडी मंद उचल घेते. त्यामुळे गिअरबॉक्स निवडताना तो कोणत्या प्रकारच्या गाडीतील आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

कामाचा क्रम

प्रथम बॅटरी सोडवून दोन्ही गिअरबॉक्समधील तेल काढले जाते. इंजिनला वरून वा खालून आधार देऊन ॲक्सल, माउंटिंग व केबल सोडविल्या जातात. नंतर टॉर्क कन्व्हर्टर ड्राइव्ह प्लेटपासून सुटा करून तो गिअरबॉक्ससह खाली उतरविला जातो. गिअरबॉक्स इंजिनपासून अलग करण्यासाठी इंजिन गाडीबाहेर काढण्याची गरज नसते.

यानंतर ड्राइव्ह प्लेटच्या जागी फ्लायव्हील बसते. पायलट बेअरिंग फ्लायव्हीलच्या मध्यभागी असल्याने तेही याच वेळी तपासून बदलले जाते. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरून प्रेशर प्लेट टप्प्याटप्प्याने आवळावी लागते. प्लेट किंचित जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. अशा वेळी बोल्ट आवळून गिअरबॉक्स जबरदस्तीने ओढल्यास तबकडीचे केंद्र वाकण्याचा किंवा आवरणाला तडा जाण्याचा धोका असतो.

डॅशबोर्डखाली पेडलचा संच बसविणे हे या कामातील सर्वांत अडचणीचे अंग मानले जाते. क्लच मास्टर सिलिंडर इंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पत्र्यावर बसतो. त्यासाठीची छिद्रे काही गाड्यांत आधीच असतात, तर काहींत पाडावी लागतात. शेवटी क्लचच्या नळ्यांत ब्रेक ऑइल भरून त्यातील हवा काढली जाते. हवा शिल्लक राहिल्यास क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर घासत पडतात. हस्तचलित गिअरबॉक्समध्ये त्याच्यासाठी नेमून दिलेलेच तेल भरावे लागते. रेडिएटरमधील स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाची शीतनवाहिनी तशीच ठेवून तिची तोंडे बंद करता येतात.

विद्युत जोडणी व संगणक

स्वयंचलित गाडीत गिअर बदलण्याचे आदेश सोलेनॉइड झडपांना विजेद्वारे मिळतात. गिअरबॉक्स काढल्यावर या झडपा नाहीशा होतात आणि मूळ संगणक त्या शोधत राहून दोष नोंदवतो; फलकावरील 'डी-४' दिवा लुकलुकू लागतो. संगणकच बदलणे हा यावरील सरळ उपाय होय. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही दोषनिदान पद्धती सक्तीची झाली. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत इंजिनचा इशारादिवा लागलेला राहिल्यास अनेक राज्यांतील उत्सर्जन तपासणीत ती अनुत्तीर्ण ठरते. पाचव्या व सहाव्या पिढीचे संगणक व त्यांचे जोड परस्परांशी जुळत नाहीत.

रिव्हर्स दिव्याच्या तारा नव्या गिअरबॉक्सवरील स्विचला जोडाव्या लागतात. गिअर 'पी' स्थितीत असल्याशिवाय किल्ली बाहेर न येऊ देणारा अडसरही निष्प्रभ करावा लागतो.

सुरक्षितता

स्वयंचलित गाडी केवळ 'पी' किंवा 'एन' या स्थितीतच सुरू होते. रूपांतरानंतर हा स्विच उरत नाही. त्याच्या दोन तारा कायमच्या एकमेकींना जोडण्याचा सोपा मार्ग अनेकदा पत्करला जातो. परंतु मग गाडी गिअरमध्ये असताना क्लच न दाबता किल्ली फिरविल्यास ती झटक्यासरशी पुढे किंवा मागे उसळते. समोर माणूस, भिंत वा दुसरे वाहन असल्यास अपघात होऊ शकतो. या तारा क्लच पेडलवरील स्विचमधून नेल्यास पेडल दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. अमेरिकेतील मूळ हस्तचलित सिव्हिकमध्ये हीच व्यवस्था होती.

गाडीला क्रूझ कंट्रोल असल्यास क्लच दाबताच ते बंद करणारा स्विचही लागतो. अन्यथा भार सुटल्याने इंजिनच्या फेऱ्या एकाएकी वाढतात. तसेच 'पी' स्थितीत चाके अडविणारा खटका आता नसल्यामुळे उतारावर उभी गाडी हँडब्रेक आणि टाकलेला गिअर यांवरच विसंबून असते. म्हणून रूपांतराबरोबर हँडब्रेक तपासून घेणे इष्ट असते.

व्यवहार्यता

संपूर्ण दाता गाडी हाती असल्यास बोल्ट, ब्रॅकेट व तारांचे जोड यांसारखे किरकोळ भाग एकत्र मिळतात. हे भाग सुटे जमविताना खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. मूळची हस्तचलित गाडी सहज उपलब्ध असेल, तर आपली गाडी विकून ती घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. ज्या गाडीचा स्वयंचलित गिअरबॉक्स निकामी झाला आहे, पण सांगाडा व इंजिन सुस्थितीत आहे, तिच्या बाबतीत रूपांतराचा पर्याय अधिक सयुक्तिक ठरतो.

भारतातील स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. त्यामुळे असे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.

भारतात २०१४ साली आलेल्या मारुती सुझुकी सेलेरियोपासून एएमटी ही यंत्रणा लहान गाड्यांत रूढ झाली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो; मूळ हस्तचलित गिअरबॉक्स व क्लच तसेच राहतात आणि त्यांना हलविण्याचे काम संगणकाच्या आदेशावरून यंत्र करते. त्यामुळे सिव्हिकच्या रूपांतराची पद्धत अशा गाड्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही.