बोटांना काठ हवा

मोबाइलच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारखी बसणारी एक वस्तू आता आमच्या सेलूतही पोरांच्या हातात दिसते. तिला बटणं असतात आणि अंगठ्याने फिरवायचे दोन बुटके दांडे. कंट्रोलर म्हणतात तिला. वडीलधाऱ्यांना वाटतं, हे आणखी एक खूळ. मी कवी माणूस, यंत्रातला जाणकार नव्हे. पण मला या वस्तूत आपल्या बोटांचा पन्नासेक वर्षांचा इतिहास दिसतो.

बोटं न पाहता काम करतात. तसबीह ओढणाऱ्याची नजर मण्यांवर नसते आणि मुरलेला पेटीवाला पट्ट्यांकडे पाहत नाही. मण्याला गोलाई आणि पट्टीला काठ असतो, म्हणून हे साधतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी हे लवकर ओळखलं. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या यंत्राबरोबर एक दांडा आणि एक लाल बटण मिळायचं. १९८२ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी हातात मावणाऱ्या खेळावर अधिकच्या चिन्हासारखं बटण बसवलं. अंगठ्याला चारही दिशा चाचपून कळू लागल्या. पुढच्याच वर्षी ते बटण टीव्हीला जोडायच्या ‘फॅमिकॉम’वर गेलं. नव्वदच्या दशकात त्याच यंत्राच्या नकला आपल्या बाजारात आल्या. खेळाची कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग खेळ फोनमध्ये शिरला. १९९७ साली नोकियाच्या ६११० फोनवर साप आला. आकड्यांच्या बटणांवर तो वळायचा. २००७ साली आयफोन आला आणि बटणांची जागा गुळगुळीत काचेनं घेतली. लिहिण्या-वाचण्याची सोय झाली, पण खेळणाऱ्याचा अंगठा आंधळा झाला. काचेवर बटणाचं नुसतं चित्र. अंगठा घसरला तरी कळत नाही, आणि वर तोच अंगठा निम्मा पडदा झाकतो.

हरवलेला काठ परत आणायची खटपट लवकरच सुरू झाली. २०११ मध्ये सोनी एरिक्सनने बटणं बाहेर सरकणारा फोन काढला. २०१३ मध्ये अॅपलने बाहेरच्या कंट्रोलरना आयफोनची दारं उघडली आणि फोनला कवेत घेणारी यंत्रं आली. मधे पडदा आणि दोन बाजूंना सुटे होणारे कंट्रोलर हा घाट २०१७ च्या निन्टेन्डो स्विचने घरोघरी नेला. २०२० मध्ये फोनसाठी आलेले ‘रेझर किशी’ आणि ‘बॅकबोन वन’ त्याच घाटाचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ सर्वांआधी स्विचवर आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. पुढे ती फोनवरही आली.

‘रिमोट प्ले’ याहून नवलाचं. खेळ चालतो घरातल्या मोठ्या यंत्रावर, फोनवर येतं फक्त त्याचं चित्र. तुम्ही बटण दाबता, ती खबर इंटरनेटवरून घरी जाते, तिथे उडी घेतली जाते आणि उडीचं चित्र परत येतं. आमच्या रेल्वेच्या गावाला हे समजायला सोपं आहे. जुन्या काळी केबिनमधला माणूस दांडा ओढायचा आणि तारेच्या ओढीनं दूरवर सिग्नलचा हात पडायचा. इथे तारेऐवजी इंटरनेट आहे. सोनीनं ही सोय २००६ साली प्लेस्टेशन ३ बरोबर आपल्या छोट्या पीएसपी यंत्राला दिली. २०१९ मध्ये ती आयफोनवर आणि सर्वसाधारण अँड्रॉइड फोनवर पोचली. त्यासाठी सेकंदाला किमान ५ मेगाबिट, आणि नीट चालायला १५ मेगाबिटचा वेग कंपनी सांगते. पण खरी परीक्षा उशिराची. खेळात सेकंदाला ६० चित्रं सरकत असली, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा उशीर म्हणजे तुम्ही सहा चित्रं मागे. आणि घरची वीज गेली, की परगावी फोन घेऊन बसलेल्याचा खेळही तिथेच थांबतो.

आता आपल्या गावाचं बोलू. मोठं यंत्र आहे किती घरांत? २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घालेपर्यंत खेड्यापाड्यांतली पोरं काचेवरच तरबेज झाली होती. अंगठ्यांच्या जोडीला तर्जन्या वाकवून चार बोटांनी खेळायची पद्धत त्यांनी घोटली. त्या खेळानं फोनवर कंट्रोलरला अधिकृत थारा दिला नव्हता. २०१९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’ने तो दिला, पण कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घालायची व्यवस्था केली. मला हा न्याय पटतो. ज्याच्या बोटाला काठ मिळाला, त्यानं नुसत्या काचेवर झुंजणाऱ्याला हरवण्यात काय मर्दुमकी?

पण काही हातांना काठ ही गरजच असते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर आणला. बोट घसरतं म्हणून जे खेळाबाहेर राहिले होते, ते आत आले.

म्हणून घरातल्या पोरानं ही वस्तू मागितली, तर रागावण्याआधी दोन प्रश्न विचारा. तुझा खेळ हिला मानतो का? आणि रिमोट प्लेच्या गोष्टी करतोस, तर ते मोठं यंत्र घरात आहे का? उत्तरं पटली तर पुढचा विचार करा. मित्राची असेल तर एकदा डोळे मिटून हातात घेऊन बघा. कुठलं बटण कुठे आहे, ते मिनिटभरात तुमच्या बोटांनाही कळेल.