गुलामांचा कापूस आणि लँकेशायरचे उपाशी मजूर

ज्याच्या हातात माल, त्याच्या हातात गिऱ्हाइकाची मान, असा एक समज आहे. अमेरिका आणि युरोप यांच्यात आयात शुल्कावरून ताणाताणी झाली की हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंडखोर सरकारने आपले सारे परराष्ट्र धोरण याच समजावर उभे केले होते. त्याचे काय झाले, हे आज आठवण्यासारखे आहे.

१८६० साली ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे ८० टक्के कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. न्यू ऑर्लिन्स, मोबाइल, चार्ल्सटन या बंदरांतून निघालेल्या गाठी लिव्हरपूलला उतरत आणि मँचेस्टर व लँकेशायरच्या गिरण्यांत जात. हा कापूस वेचणारे हात गुलामांचे होते. त्या वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास ४० लाख गुलाम नोंदले गेले. ब्रिटनने १८३३ साली कायदा करून आपल्या वसाहतींतली गुलामगिरी मोडीत काढली होती. गुलामांनी पिकवलेला कापूस विकत घेणे मात्र थांबवले नव्हते.

दक्षिणेच्या मळेवाल्यांना हे अवलंबित्व चांगले ठाऊक होते. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ साली सिनेटमध्ये ‘कापूस राजा आहे’ अशी घोषणाच केली. तीन वर्षे कापूस पाठवला नाही तर इंग्लंड कोसळेल, असा त्यांचा हिशोब होता.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. गंमत अशी की, नाकेबंदी अजून ढिली होती तेव्हा मळेवाल्यांनी स्वतःहूनच कापूस रोखून धरला. ब्रिटनची कोंडी झाली की त्याचे आरमार नाकेबंदी फोडेल आणि आपल्या राज्याला मान्यता मिळेल, अशी त्यांची खात्री होती.

तसे घडण्याची वेळ खरोखरच आली होती. नोव्हेंबर १८६१ मध्ये लिंकन यांच्या आरमाराने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपाल जहाजावरून दक्षिणेचे दोन दूत उचलले. लंडन खवळले, कॅनडाकडे फौजा रवाना झाल्या. अखेर लिंकन सरकारने दूतांना सोडले आणि युद्ध टळले.

१८५९ आणि १८६० सालची पिके उत्तम आल्याने सुरुवातीला ब्रिटनची गोदामे भरलेली होती. खरा तडाखा १८६२ मध्ये बसला. गिरण्या बंद पडल्या. वर्षअखेरीस लँकेशायर परिसरात सुमारे पाच लाख लोक मदतीवर जगत होते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत मंत्रिमंडळात मध्यस्थीची चर्चा सुरू झाली. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसल इथे जाहीर भाषणात दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र घडवले आहे, असे सांगून टाकले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यानेही संयुक्त मध्यस्थीचा प्रस्ताव धाडला.

ब्रिटनने तो नाकारला. त्याला व्यवहाराची कारणे होती. युद्धात उतरले तर कॅनडा आणि व्यापारी जहाजे धोक्यात येणार होती. देशात पिके बिघडल्याने उत्तर अमेरिकेचा गहूही हवा होता. त्यात सप्टेंबरमध्ये लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली होती. ती १ जानेवारी १८६३ पासून लागू होणार होती. आता दक्षिणेची बाजू घेणे म्हणजे उघडपणे गुलामगिरीची बाजू घेणे ठरले असते.

३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. ज्यांची चूल कापसावर चालत होती, त्या मजुरांनी त्यात भाग घेतला. सभेने लिंकन यांना पत्र पाठवून गुलामांच्या मुक्तीला पाठिंबा दिला. १९ जानेवारीला लिंकन यांनी उत्तर लिहिले आणि मजुरांच्या सोसण्याला शौर्याचा दर्जा दिला. फेब्रुवारीत ‘जॉर्ज ग्रिस्वोल्ड’ हे जहाज अमेरिकन जनतेने दिलेले धान्य घेऊन लिव्हरपूलला पोहोचले.

ही कहाणी सांगताना भाबडेपणा नको. सगळेच मजूर लिंकनवादी नव्हते. दक्षिणेला मान्यता देऊन कापूस आणा, असे म्हणणारेही होते. मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिजला मदतीच्या वाटपावरून दंगल झाली. लिव्हरपूलच्या अनेक व्यापाऱ्यांची सहानुभूती दक्षिणेकडे होती. शेजारच्या बर्कनहेडला बांधलेल्या ‘अलाबामा’ जहाजाने उत्तरेची कित्येक जहाजे बुडवली. त्याची भरपाई म्हणून १८७२ साली जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. दोन देशांनी लढाई न करता असा मोठा तंटा लवादाकडून सोडवून घेतला, हीही या प्रकरणाचीच देणगी.

दरम्यान, गिऱ्हाइकाने दुसरे दुकान शोधले होते. इजिप्तचा आणि हिंदुस्थानचा कापूस लिव्हरपूलला जाऊ लागला. आखूड धाग्याच्या ‘सुरत’ कापसाला लँकेशायरचे मजूर वैतागत, पण मुंबईत पैशांचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सट्टेबाज शहराचे राजे बनले, बॅक बेच्या भरावाचे शेअर अफाट भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव पडला आणि मुंबईचा डोलारा कोसळला. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्यांकडे उरले ते सावकाराचे व्याज.

मळेवाल्यांचा हिशोब कुठे चुकला? गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. आणि गरज पडली की माणूस कुणाच्याही साखळीकडे डोळेझाक करतो, असे त्यांनी गृहीत धरले. मँचेस्टरच्या त्या सभेत जमलेल्यांच्या बाबतीत ते खोटे ठरले. आज त्या शहराच्या लिंकन चौकात लिंकन यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या चौथऱ्यावर मजुरांनी दिलेल्या पाठिंब्याची नोंद कोरलेली आहे. आपल्या अंगावरचा कपडा कुणाच्या घामाचा आहे, हे विचारायला भरल्या पोटी सुचत नाही. त्यांना ते उपाशीपोटी सुचले होते.